गेटाबाहेरचं तेल

दवाखान्यातल्या गोष्टींचं एक आहे. सांगायला बसलं की संपत नाहीत आणि नाही सांगितल्या तर पोटात राहत नाहीत. मी आणि आमचे कंपाउंडर देवराव, दोघंही रिटायर होऊन जमाना झाला. तरी महिन्यातून एकदा ते काठी टेकत आमच्या घरी येतात, माझी सून चहा ठेवते आणि "आज जुनं काही काढायचं नाही" असं ठरवून आम्ही बसतो. चहा गाळून होईपर्यंत रहेमतबीचं नाव निघालेलं असतं. सून आता आतूनच विचारते, "आज तेलाची कुठली गोष्ट?"

तिच्या मते म्हातारपणी माणसं देवाचं नाव घेतात, ही दोघं तिळाच्या तेलाचं घेतात. घेतो, काय करणार. आमची उमेदीची वर्षं त्या वासात गेली.

•

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत बारा खाटांचं ते प्रसूतिगृह होतं. शहर तेव्हा औरंगाबाद होतं आणि टांगेवाल्यांना 'प्रसूतिगृह' म्हटलेलं कळायचं नाही, 'बाईचा दवाखाना' म्हटलं की बरोबर आणून सोडायचे. बाई म्हणजे आमच्या डॉक्टरबाई. पुण्याहून शिकून आलेल्या, एकट्या. कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि चेहऱ्यावर कायम तुम्ही उशीर केलात असा भाव. मी पिशोरची, नर्सिंगचा कोर्स करून नुकती लागलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला तीन नियम सांगितले. नखं कापलेली हवीत, भांडण वॉर्डाबाहेर करायचं, आणि तेल गेटाच्या आत येणार नाही.

तिसरा नियम माझ्यासाठी नव्हताच. तो रहेमतबीसाठी होता.

रहेमतबी आमच्याकडे आया होती. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर तिचा नवरा काम शोधायला म्हणून हैदराबादला गेला तो तिकडचाच झाला. हिच्या कडेवर नसीम नावाची तान्ही पोर. शिक्षण नाही, जमीनजुमला नाही, पण आईकडून आलेली एक कला हातात होती. बाळाची आणि बाळंतिणीची मालीश. तिचा हात लागला की लेकरू अंगानं भरतं, अशी शहागंजापासून गुलमंडीपर्यंत तिची ख्याती. हिंदूंच्या घरी, मुसलमानांच्या घरी, सगळीकडे तिला बोलावणं असायचं. डॉक्टरबाईंनी तिला आया म्हणून ठेवून घेतलं, कारण कळा देणारी बाई तिचं ऐकायची. पण तेलाला बंदी. पुण्याला शिकत असताना त्यांनी तेल घालून पिकलेली बाळाची बेंबी पाहिली होती आणि ती त्या विसरायला तयार नव्हत्या.

मग तडजोड निघाली. गेटाबाहेर, भिंतीला लागून एक दगडी ओटा होता. बाळंतीण घरी निघाली की टांगा तिथं थांबायचा. कोवळ्या उन्हात रहेमतबी ओट्यावर पाय लांब करून बसायची, बाळाला नडग्यांवर घ्यायची आणि त्याला पहिलं तेल लावून द्यायची. गेटाच्या आत डॉक्टरबाईंचं राज्य, गेटाबाहेर रहेमतबीचं. तिला पगार आयाचा मिळायचा, पण ती स्वतःला आया समजत नव्हती. तो ओटा होता म्हणून ती रहेमतबी होती. डॉक्टरबाई महिन्यातून एकदा तरी म्हणायच्या, "हा ओटा मी पाडून टाकणार आहे." तो राहतो की जातो, एवढाच आमच्या दवाखान्यातला खरा प्रश्न होता. बारा वर्षं तो चालला.

•

तेल रहेमतबी दुकानातलं घ्यायची नाही. घाण्यावर जायची. तेल्यासमोर बसून एक थेंब हाताच्या पाठीवर घासायचा आणि तो हात उन्हात धरून बसून राहायचं. तिळाचं तेल कातडी पिऊन टाकते, शेंगदाण्याचं मिसळलेलं असेल तर वर चिकटपणा राहतो, असा तिचा हिशेब. खरा की खोटा, मला माहीत नाही. पण ती अर्धा तास बसायची आणि मागे गिऱ्हाइकं खोळंबायची. एकदा तेली वैतागून म्हणाला, इतक्या वर्षांत माझ्यावर विश्वास बसला नाही का.

"तुज्यावर हाय रे बाबा," रहेमतबी म्हणाली. "तेलावर नाय."

मग तिनं माझ्यामागे लकडा लावला, तुझ्या पिशोरचे तीळ आण. मी घरी कळवलं. वडील अर्धं पोतं तीळ एसटीच्या टपावर टाकून निघाले. पोत्याचं तोंड आईनं शिवलं होतं आणि आई घाईत होती. कन्नड सोडल्यावर टाका उसवला. खिडकीशी बसलेल्यांच्या डोक्यात, कंडक्टरच्या कॉलरीत, सगळीकडे तीळ. वेरूळच्या स्टँडवर वडील खाली उतरून बघतात तर पोतं निम्मं. त्यांनी कंडक्टरला गाडी मागे घ्यायला सांगितली. कंडक्टरनं त्यांना गाडीत बसायला सांगितलं.

उरलेल्या तिळाचं तेल निघालं. रहेमतबीनं ते हातावर न घासताच बाटलीत ओतलं. तो मान आमच्या शेताला मिळाला, याचा मला अजून अभिमान आहे. पुढच्या पावसाळ्यात त्या रस्त्याच्या कडेनं जागोजाग तिळाची रोपं उगवली, असं निदान वडील सांगायचे. गावात ते म्हणायचे, "वेरूळच्या रस्त्याला बी माजी थोडी शेती हाय."

•

देवराव तेव्हा तरुण होते आणि सगळे प्रयोग स्वतःवर करायचे. कुणा वैद्यानं त्यांना सांगितलं, रोज सकाळी तिळाचं तेल तोंडात घेऊन दहा मिनिटं खुळखुळवायचं, दात म्हातारपणापर्यंत हलत नाहीत. अट अशी, की गिळायचं नाही आणि बोलायचं नाही. नियमाप्रमाणे देवराव गेटाबाहेर उभे राहून हे करायचे. तेल रहेमतबीच्या बाटलीतलं. गाल फुगलेले, डोळे घड्याळावर.

एका सकाळी फुलंब्रीकडचा एक माणूस धावत आला. आदल्या दिवशी बायकोला आणून सोडलं होतं आणि गुरांची सोय लावायला तो गावी गेला होता. त्यानं देवरावांना ओळखलं आणि विचारलं, काय झालं साहेब?

देवरावांची दहातली चार मिनिटं शिल्लक होती. त्यांनी मान हलवली, म्हणजे आता बोलता येत नाही. माणसाचा चेहरा उतरला. बायको तरी बरी आहे ना, असं त्यानं विचारलं. देवरावांनी हात वर केला, म्हणजे जरा थांबा. तेल फार वेळ तोंडात राहिलं की त्यांच्या डोळ्यांना धार लागायची, ती नेमकी तेव्हाच लागली. माणूस मटकन खाली बसला आणि त्यानं हंबरडा फोडला.

मी आवाज ऐकून बाहेर आले. बघते तर तो छाती बडवतोय आणि त्याच्यासमोर आमचे कंपाउंडर गाल फुगवून डोळे पुसतायत. शेवटी देवरावांनी तोंडातलं सगळं गटकन गिळलं आणि ओरडले, "अहो मुलगी झाली, मुलगी! दोघी ठणठणीत हायेत!"

माणसानं त्यांना मिठीच मारली. देवराव मात्र दुपारपर्यंत ड्यूटीवर कमी आणि दुसरीकडे जास्त होते. आज ऐंशी ओलांडली तरी त्यांचे बहुतेक दात जागेवर आहेत. गुळण्यांमुळे का, असं विचारलं की म्हणतात, "नाही, त्या दिवशी पोटात गेलं त्यामुळे."

•

माझा नंबर दुसऱ्या वर्षी लागला. टायफॉइड झाला. आधी ताप उतरला, मग केस उतरायला लागले. कंगव्यात केस, उशीवर केस, ताटात केस. पिशोरला माझ्या लग्नाची बोलणी चालली होती आणि मुलाकडच्यांनी माझ्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवली होती, मुलीची वेणी लांब आहे. मी रोज आरशासमोर रडायचे.

रहेमतबीनं मला ताब्यात घेतलं. ड्यूटी संपली की ओट्यावर बसवायची. मेथ्या आणि जास्वंदीची फुलं घालून कढवलेलं तिळाचं तेल, कोमट. तिची बोटं डोक्यात फिरायला लागली की मला पेंग यायची आणि ती मागून टपली मारायची, मान जड करू नको म्हणून. रोज धुऊनही वास काही जायचा नाही, आणि वरून ती पांढरी टोपी. एका सकाळी राऊंडच्या वेळी डॉक्टरबाई पाचव्या खाटेशी थांबल्या. नाक वर केलं.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "टोपीला फोडणी दिलीत का?"

बाळंतिणी पोटाचे टाके धरून हसल्या. मी बाहेर येऊन पुन्हा रडले. दुसऱ्या दिवसापासून रहेमतबी माझी टोपी रोज रिठ्यानं धुऊन, खळ देऊन आणायला लागली.

सहा महिन्यांत केस परत आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, टायफॉइडनंतर गेलेले केस आपोआप येतातच, त्यात तेलाचा काही संबंध नाही. मी ते रहेमतबीला सांगितलं. ती म्हणाली, "येनारच व्हते तर बाईंनी आधी का नाय सांगितलं? पोरगी सहा महिने रडली तरी नसती."

लग्न झालं. नवऱ्याला टक्कल होतं. ते आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

•

डॉक्टरबाईंचं वैर तेलाशी होतं, तिळाशी नाही. हे फार जणांना कळायचं नाही. बाळंतिणी यायच्या त्या पांढऱ्याफटक, कंबर धरून चालणाऱ्या. डॉक्टरबाई त्यांना सांगायच्या, तिळात लोह आहे, कॅल्शियम आहे, आणि मुख्य म्हणजे तुमच्या घरात आहे. चिठ्ठीवर लिहून द्यायच्या: काळे तीळ, भाजून, दोन चमचे, गुळाबरोबर, नीट चावून.

लोक चिडायचे. एवढ्या लांबून दवाखान्यात यायचं आणि डॉक्टरनं तीळ खायला सांगायचं! तेही काळे! एका सासूबाईंनी तोंडावर विचारलं, माझ्या सुनेला पितरांचं खाणं देता का. चिठ्ठ्या गेटाबाहेर फेकलेल्या सापडायच्या.

यावर देवरावांनी डोकं चालवलं. औषधाच्या तपकिरी बाटल्या धुऊन वाळवल्या, त्यात भाजलेले तीळ भरले आणि मिक्श्चरच्या बाटलीवर असतो तसा डोसांच्या खाचा कापलेला कागद बाहेरून चिकटवला. बूच घट्ट लावून ती बाटली खिडकीतून गंभीर चेहऱ्यानं द्यायची. एकही बाटली कुणी फेकली नाही.

पंधरा दिवसांनी अजिंठ्याहून एक म्हातारी रिकामी बाटली घेऊन आली. सुनेची कंबरदुखी थांबली, अजून एक द्या म्हणाली. देवरावांना लाज वाटली. इतक्या लांबून म्हातारी आली, तिला फसवायचं कसं? त्यांनी हळूच सांगून टाकलं, "मावशी, हे साधे काळे तीळ हायेत. तुमच्या घरी पोतं असंल."

"ठावं हाय की मला," म्हातारी म्हणाली. "मी काय आंधळी हाय व्हय? पर घरचे लई गरम पडत्यात. ह्ये बाटलीतले थंड हायेत."

डॉक्टरबाई आत ऐकत होत्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिलं. आमच्याकडे पाठ करून हसल्या, पण खांदे दिसतातच.

•

ही अगदी छोटी आहे. हिवाळ्यात डॉक्टरबाईंचे हात फुटायचे. दिवसातून तीस वेळा साबणानं घासायचे, दुसरं काय होणार? भेगांतून रक्त यायचं. रहेमतबी दारात उभी राहून मला म्हणाली, "कुमुद, ज्या हातांनी अर्ध्या गावाची लेकरं काढली, त्ये हात असे फाटके? चमचाभर तेल लागतं त्याला."

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सिस्टर, त्यांना सांगा, ग्लिसरीन आहे."

दोघींच्या मध्ये तीन फूट अंतर होतं. मी सांगितलं. ग्लिसरीन होतं, आणि भेगाही होत्या, थेट होळीपर्यंत.

•

आता जरा जड गोष्ट.

एका सकाळी मी गेटाशी उभी होते आणि ओट्यावर पितळी वाटी वाजत होती. तेलाची वाटी, रहेमतबीच्या हातातली, दगडावर टेकताना टकटक वाजत होती. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, थंडी वाजते. तेव्हा चैत्र चालू होता.

हात कापायला लागला होता. आधी उजवा, मग दोन्ही. मी आणि देवरावांनी काही दिवस झाकून नेलं. मला शिकायचंय असं सांगून मी बाळाला दोन्ही काखांखाली धरून ठेवायचे, देवराव वाटी गरम करून अगदी हाताशी आणून ठेवायचे. बघणाऱ्यांना वाटायचं, रहेमतबीचा थाट वाढला. तिलाही आमचं नाटक कळत होतं आणि ती ते चालू देत होती.

मग एका दिवशी तिनं मालीश अर्धी सोडली. बाळाला आईच्या ओटीत ठेवलं आणि उरलेलं घरी करा म्हणाली. टांगा गेल्यावर मला म्हणाली, "कुमुद, आज लेकरू माज्या पायांवरून सरकलं. पडलं नाय. पर सरकलं."

दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर गेलीच नाही. जो विचारेल त्याला एकच सांगायची, बाई नको म्हणल्या. हात चालत नाही, हे तिला कुणाला सांगायचं नव्हतं. ज्या घरांत तिला हातामुळे ओळखत होते, तिथं हात गेला हे कोणत्या तोंडानं सांगणार? बारा वर्षं डॉक्टरबाई नको म्हणतच होत्या, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं.

आठवडाभरात गावाचा राग दवाखान्यावर आला. गुलमंडीवरच्या दोन आज्या आणि शहागंजातली एक बडी बी, अशा तिघी एकाच टांग्यातून उतरल्या आणि सरळ केबिनमध्ये शिरल्या. आमच्या नातवंडांना रहेमतबीचा हात का मिळू नये? गेटाबाहेर काय चालतं त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय? तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला इथलं काय कळतंय? बरंच काही बोलल्या. मी औषधांचा ट्रे घेऊन तिथंच उभी होते. या वेळी डॉक्टरबाईंनी काही बंद केलं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी तोंड उघडलं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच बंद केलं."

तिघी फणकाऱ्यानं निघून गेल्या. डॉक्टरबाईंनी पुढचा केसपेपर ओढला आणि वर न बघता मला म्हणाल्या, "त्यांचा हात मी फाल्गुनापासून बघतेय, सिस्टर. औषध सुरू करू, पण फार आशा नाही. त्यांना कपड्यांच्या घड्या घालायला देऊ नका, त्यात कंप दिसतो. गेटावर बसवा. कोण आलं, कोण गेलं, एवढं बघतील."

मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, त्यांना आवडलं नसतं. ट्रे घेऊन बाहेर आले आणि स्टोअररूममध्ये पोटभर रडून घेतलं.

देवरावांच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी केबिनमधलं सगळं रहेमतबीला सांगितलं. दुसऱ्या सकाळपासून डॉक्टरबाई गेटातून आत यायला लागल्या की ती स्टुलावरून उठून उभी राहायला लागली. आधी कधी राहिली नव्हती.

•

त्याच वर्षी, ऐन थंडीत, नसीम आमच्याकडे बाळंत झाली. तिला जालन्याला दिली होती, पहिल्या बाळंतपणाला आईकडे आली होती. मुलगी झाली. बाळंतपण डॉक्टरबाईंनी स्वतः केलं, अवघड होतं, पण सुखरूप झालं. पाचव्या दिवशी घरी सोडलं. टांगा येऊन उभा राहिला. ओट्यावर ऊन आलं होतं.

पहिलं तेल आजीच्या हातचं, अशी त्यांच्याकडे रीत. रहेमतबीनं बारा वर्षं दुसऱ्यांच्या नातवंडांना पहिलं तेल लावलं होतं, आता स्वतःची नात होती. सकाळी तिनं स्वतः तेल गरम केलं. ओट्यावर बसली, पाय लांब केले, पदर खोचला. नसीमनं बाळाला तिच्या नडग्यांवर ठेवलं आणि दोन्ही बाजूंनी हात लावून धरलं. आम्ही सगळे गेटाशी उभे. दोन बाळंतिणीही खाटेवरून उठून आल्या होत्या.

रहेमतबीनं वाटीत बोटं बुडवली आणि हात वर घेतला. हात इतका कापत होता की तेल बाळावर न पडता दगडावर पडलं. तिनं हात खाली घेतला. मांडीवर दाबून धरला. पुन्हा वर घेतला. पुन्हा तेच. नसीम हळूच म्हणाली, "अम्मी, रहने दो. घर जाके मैं लगाती."

रहेमतबी बाळाकडेच बघत होती. म्हणाली, "कुमुद, तू कर."

मला तेव्हा सातवा महिना होता. पाय लांब करून वाकणं मला जमणारच नव्हतं. मी नसीमकडे बघितलं, नसीमनं खाली बघितलं. देवराव उगाच टांग्याच्या घोड्याला चुचकारत बसले.

गेट वाजलं. डॉक्टरबाई बाहेर आल्या. आत ओपीडीत बायका बसलेल्या, मध्येच उठून आल्या होत्या. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि देवरावांच्या हातात दिलं. इस्त्रीची साडी सावरली आणि त्या ओट्यावर, रहेमतबीच्या शेजारी, पाय लांब करून बसल्या.

"द्या," म्हणाल्या.

नसीमनं आईकडे बघितलं. रहेमतबीनं मान हलवली. बाळ आजीच्या नडग्यांवरून डॉक्टरबाईंच्या नडग्यांवर गेलं.

डॉक्टरबाईंनी तीन बोटं तेलात बुडवली. आधी बाळाचे पाय, मग छाती, मग हात, मग पालथं घालून पाठ. रहेमतबीचाच क्रम, एक पायरी चुकली नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बेंबीजवळ मात्र गेल्या नाहीत, तिथं त्या त्यांच्याच राहिल्या. रहेमतबी मध्येच म्हणाली, "जरा दाबून, बाई. लोनी नाय लावायचं." डॉक्टरबाईंनी दाब वाढवला. बाळ आधी रडलं, मग जांभई दिली. शेवटी एक थेंब टाळूवर भरला आणि बाळाला नसीमच्या हातात दिलं.

वाटीत थोडं तेल उरलं होतं. रहेमतबीनं ते आपल्या तळव्यावर ओतलं. निम्मं सांडलं. उरलेलं घेऊन तिनं हात उचलला आणि डॉक्टरबाईंच्या डोक्यावर, बरोबर भांगात ठेवला. डॉक्टरबाई दचकून मागे सरकायला लागल्या.

"हलू नका," रहेमतबी म्हणाली.

डॉक्टरबाईंना असं सांगणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या हलल्या नाहीत. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. रहेमतबीचा हात कापत होता, आणि डोक्यात तेल जिरवायला तो कापणारा हात चांगला चालला. पाच मिनिटं झाली असतील, जास्तही असतील. टांगेवाल्यानंसुद्धा घाई केली नाही.

मग डॉक्टरबाई उठल्या. देवरावांकडून घड्याळ घेतलं आणि गेटातून आत गेल्या. कानाजवळ तेलाचा ओघळ आला होता. आत जाऊन त्यांनी दोन्ही हात साबणानं दोनदा धुतले. डोकं तसंच ठेवून दुपारपर्यंत ओपीडी केली.